खात्री केल्याशिवाय

कॉफीचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आतच त्यानं ते वाक्य वाचलं. ‘मी माणूस आहे. याची खात्री कशी करून द्यावी, ते कृपया कळवावे.’ बस्स, एवढंच. ना उद्गारचिन्ह, ना शिवी, ना हल्ली लोक जागोजागी चिकटवतात तो रडका पिवळा चेहरा. आधी त्याला हसूच आलं. खोटं कशाला बोला, आलं. मशीनच म्हणतंय मी माणूस आहे, आणि वर अर्ज केल्यासारखं ‘कृपया कळवावे’! त्यानं शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून दाखवलंसुद्धा. ‘हे बघ, आता मशीनलाही राग यायला लागला.’ शेजारचा हसला, ‘तू पण ना, फ्यूज, एकेकाची वाट लावतोस,’ म्हणाला आणि बिस्किटाचा पुडा पुढं करून आपल्या खुर्चीत परत गेला. मग मात्र काय झालं कोण जाणे, बिस्किट हातात तसंच राहिलं. असं कुणी लिहीत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. आपण कोण हे सांगताना माणसं इंजिनियर आहे म्हणतात, अमक्याची आई आहे म्हणतात, फारच चिडली तर टॅक्स भरतो म्हणतात. मी माणूस आहे, हे सांगायची पाळी सहसा कुणावर येत नाही. ती त्यानं आणली होती, आणि तीसुद्धा येता-जाता, लिफ्टचं बटण दाबावं तशी.

फ्यूज हे त्याचं फोरमवरचं नाव. ऑफिसातही आता तेच चालायचं, खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत तो बसून काम करणारा. कुठल्या इमारतीतली लिफ्ट कुठं अडकली ते त्याच्या पडद्यावर लाल व्हायचं आणि तो फोनवरून मेकॅनिकला सांगायचा, हे उघड, ते तपास. फोरम होता तो अशाच सगळ्या लिफ्टवाल्यांचा : मेकॅनिक, इन्स्पेक्टर, कंट्रोलरचे प्रोग्राम लिहिणारे. कुणीतरी अडचण टाकायची, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची, मधूनमधून एकमेकांची टर उडवायची, असं वर्षानुवर्षं मजेत चाललं होतं. मग ती मशीनची उत्तरं सुरू झाली. ज्यानं उभ्या जन्मात लिफ्टच्या खड्ड्यात पाय ठेवला नाही, असला कुणीही उपटसुंभ प्रश्न मशीनला विचारायचा आणि आलेलं गुळगुळीत उत्तर इथं आणून ओतायचा. वाचणाऱ्यांच्या डोक्याला ताप. म्हणून मग लाल खुणेची पद्धत आली. संशय आला की खूण करायची. पुरेशा खुणा झाल्या की उत्तरावर राखाडी पट्टी चढायची, ‘मानवी नसल्याचा संशय’. फ्यूज या कामात पटाईत. त्याची खूण पडली की बाकीचे उत्तर न वाचताच आपली खूण ठेवून मोकळे व्हायचे, आणि त्याला, काय लपवायचं, त्याची थोडी घमेंडही होती. कुणीतरी विचारलं होतं, हॉस्पिटलातल्या लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर बंद होता होता आपोआप उघडतं, काय करू? ‘सातवा मजला’ या नावानं उत्तर आलं होतं. ‘प्रथम मुख्य वीजपुरवठा बंद करावा. तो बंद झाल्याची खात्री करावी. खात्री केल्याशिवाय दारास हात लावू नये.’ पुढं आणखी पायऱ्या, सगळ्या तशाच. त्यानं पहिल्या तीन वाचल्या. इकडं फोन वाजत होता, पडद्यावर दोन इमारती लाल होत्या. त्यानं खूण ठोकली आणि खाली लिहिलं : ‘ही माणसाची भाषा नाही. मशीनकडून लिहून आणलंय. हाडामांसाचा माणूस असा बोलत नाही, आणि बोलत असेल तर त्याला आधी दुरुस्त करून घ्या.’ शेवटचं वाक्य विनोद म्हणून. तासाभरात लोकांची हसून हसून पुरेवाट झाली, आणि पट्टी चढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याखाली ते वाक्य आलेलं होतं.

दुपारी काकांचा फोन आला. काका म्हणजे निवृत्त लिफ्ट इन्स्पेक्टर. फोरम त्यांनीच सुरू केलेला आणि अजूनही तेच सांभाळायचे. फोन कधी करायचे नाहीत. ‘जेवलास का?’ त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. ‘बरं झालं. आता ऐक. ती सातवा मजला आहे ना, बाई आहे. चांगली ओळखीची आहे माझ्या.’ तो म्हणाला, ‘काका, मला काय माहीत? भाषा बघा ना तिची.’ ‘भाषाच सांगतोय. तिला ऐकू येत नाही. जन्मापासून. बाप लिफ्टचा मेकॅनिक, आमच्याच वेळचा. शाळेत अक्षरं शिकली पोरगी, पण वाक्यं कुठून आणणार? घरात सगळं हातवाऱ्यांनी. बापाच्या कपाटात लिफ्टच्या सूचना-पुस्तिका होत्या, त्या वाचून वाचून तिनं वाक्यं केली. करावे, करू नये, खात्री करावी. तिला तेवढीच भाषा येते, राजा. आईलासुद्धा ती तशीच चिठ्ठी लिहायची, दूध तापवावे म्हणून.’ मागं कुठंतरी नळ वाहत होता, तो त्यांनी उठून बंद केला असावा. ‘आणि हे बघ, हे तुला सांगितलं ते तुझ्यापुरतं. फोरमवर कुणाला ठाऊक नाही. तिथं ती बहिरी नव्हती, म्हणून तर ती तिथं होती. कळलं? काय माफीबिफी मागायची ती माग, पण तिचं हे कुठं येता कामा नये. आणि कीव तर मुळीच नको. काल रात्रीपासून तिनं खातं बंद करून ठेवलंय. उघडायचं की नाही ते तुझ्या हातात.’ तो म्हणाला, ‘बघतो.’ काका म्हणाले, ‘बघू नकोस. लिही.’

आता माफी म्हणजे काय, तो काही पहिल्यांदा मागत नव्हता. दिवसभरात दहादा मागायचा. लिफ्ट उशिरा सुरू झाली, क्षमस्व. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल, क्षमस्व. धक्का लागला, सॉरी. जिन्यात कुणी समोर आलं, सॉरी. पण शनिवारी दुपारी घरी लॅपटॉप उघडून बसला तर काही केल्या जमेना. ‘माझा हेतू दुखावण्याचा नव्हता’ असं लिहिलं; वाचून पाहिलं तर ती माफी नव्हतीच, वकिली होती. ‘हल्ली मशीनची उत्तरं फार येतात त्यामुळे’ असं लिहिलं, तीही वकिलीच. मग ‘तुमची परिस्थिती मला माहीत नव्हती’ असं लिहून गेला आणि जीभ चावून सगळं पुसलं, कारण कसली परिस्थिती, हे कुणीही विचारलं असतं. गंमत म्हणजे तिची परिस्थिती काढून घेतली तर त्याच्यापाशी माफी मागायला काही उरतच नव्हतं. ती ऐकू येणारी बाई असती तर त्याला वाईट वाटलं असतं का? नसतं. हे त्याचं त्यालाच इतकं स्वच्छ कळलं की तो उठून खिडकीपाशी गेला आणि समोरच्या इमारतीतली माणसं गाद्या झटकत होती ते उगाच बघत राहिला. परत येऊन त्यानं तिचं उत्तर पट्टी बाजूला करून पहिल्यांदा पूर्ण वाचलं. चौथी पायरी चुकलेली होती. तिनं लिहिलं होतं, दाराचा पट्टा ताणून घ्यावा. साफ चूक. आधी दाराखालची खोबण साफ करायची, तिथं कचरा अडकतो, दार घासतं. खोबण तशीच ठेवून पट्टा ताणला तर दार चार दिवस नीट लागतं आणि मग पट्टाच जातो. काही नाही, एवढंच लिहायचं होतं. ‘चौथी पायरी चुकली, आधी खोबण.’ ती म्हणाली असती, दुरुस्ती मान्य आहे. माणसाची चूक होती ती, अगदी कुठल्याही मेकॅनिकनं घाईत करावी तशी. तेवढं वाचायचेही कष्ट घेतले नव्हते त्यानं.

टेबलावरचा फोन थरथरला. बायकोचा मेसेज होता, स्वयंपाकघरातून. ‘चहा की कॉफी?’ खाली फोननं आपणहून तीन उत्तरं मांडून ठेवली होती, ‘चहा’, ‘कॉफी’, ‘काहीही चालेल’. त्यानं तिसऱ्यावर बोट ठेवलं. घर काही मोठं नव्हतं. हाक मारली असती तर शेजाऱ्यांनाही ऐकू गेली असती. पण कधीपासून कोण जाणे, दोघांचं असंच चालायचं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, दिवसभर ‘आता वाचा, आता वाचा’ करून घसा बसलेला असायचा, म्हणून आधी आधी तिनंच ही पद्धत पाडली होती. आणि त्याला ती बरी पडली. बोट ठेवलं की उत्तर गेलं. तशाच एका दिवशी, ती हॉस्पिटलात होती आणि तो ऑफिसात, तिचा मेसेज आला होता. ‘आई गेली.’ दोनच शब्द. खाली तीन उत्तरं, ‘अरेरे’, ‘ओके’, ‘काळजी घे’. त्यातल्या त्यात बरं म्हणून त्यानं ‘काळजी घे’ दाबलं. दाबताना मनात होतं की लगेच फोन करू, लगेच निघू. निघालाही होता, पण लगेच नाही. पोचला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, फोन मांडीवर उपडा. तो म्हणाला, मीटिंगमध्ये होतो. ती ‘हं’ म्हणाली. तो विषय त्यानंतर निघाला नाही. निघाला नाही म्हणजे मिटला, असं तो धरून चालला होता.

बायको दोन कप घेऊन आली. तिनं पडद्याकडं पाहिलं. ‘काय लिहितोयस एवढं? मघापासून लिहितोस आणि पुसतोस.’ त्यानं सांगितलं. बाईला ऐकू येत नाही तेवढं सोडून. ती समोर टेकली आणि त्यानं लिहिलेलं वाचू लागली. ‘तुला तिची माफी मागायचीय, की त्या काकांना दाखवायचीय?’ ‘म्हणजे काय?’ ‘म्हणजे हे असं, “आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल”. लिफ्ट बंद पडली का तिची?’ ‘मग तू सांग कसं लिहू.’ ‘मी कशाला सांगू? बोलणारा तू, तोंड तुझं. मला सांगितलंस तसं लिही की, वाचलं नाही आणि बोललो.’ ‘एवढंच?’ ‘पुरे की तेवढं,’ असं म्हणून तिनं आपला कप उचलला आणि ती बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढायला गेली. त्यानं तसं लिहून पाहिलं. ‘वाचलं नाही आणि बोललो.’ पांढऱ्याशुभ्र पडद्यावर ते इतकं उघडंनागडं दिसायला लागलं की त्याला कानकोंड्यासारखं झालं. लोक काय म्हणतील? फ्यूज उडाला म्हणतील. माफीला जरा वजन नको का, जरा ओलावा? मग त्यानं ते केलं. सगळ्या जगाला ज्यावरून झोडपत होता, तेच. मशीनचं पान उघडलं, काय झालं ते चार ओळींत टाकलं, कॉफी पिताना तिचं वाक्य वाचलं हेही टाकलं, आणि म्हणाला, एक मनापासून माफी लिहून दे. काकांना दिलेला शब्द मात्र त्यानं पाळला, मशीनलाही तिचं ते सांगितलं नाही.

आलं ते वाचून तो गारच पडला. ‘मी तुमचं उत्तर वाचलंच नाही. वाचायच्या आधीच ते कुणाचं आहे हे ठरवून टाकलं. तुमची वाक्यं नीट होती, आणि नीटपणाची माझी सवय इतकी गेली होती की तो मला खोटा वाटला. तुम्ही विचारलंत, खात्री कशी करून द्यावी. ती तुम्ही करून द्यायची नव्हती. तुमचं ते वाक्य वाचलं तेव्हा माझ्या हातात कॉफी होती. ती तशीच गार झाली. मला माफ करा.’ कॉफी गार झाली नव्हती. त्यानं ती पिऊन टाकली होती, नंतर ते बिस्किटही खाल्लं होतं. पण वाचताना त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं, आणि क्षणभर त्याला वाटलं, खरंच, गारच झाली होती की. ‘हातात’च्या जागी ‘समोर’ करावं असं मनात आलं, तेवढाच आपला हात लागेल. तेही केलं नाही. होतं तसं चिकटवलं आणि पाठवलं. मग बाहेर जाऊन गाडी धुतली.

संध्याकाळी खाली वाहवांचा नुसता पाऊस पडला होता. ‘मानलं फ्यूज.’ ‘याला म्हणतात माणूस.’ काकांनी फक्त नमस्काराचे हात टाकले होते. पट्टी निघाली होती. आणि सगळ्यांच्या खाली, खातं पुन्हा उघडून, सातवा मजला : ‘आपले लिखाण वाचले. हे माणसाने लिहिले आहे, याची खात्री झाली. खात्री केल्याशिवाय मी कशासही हात लावत नाही. आपली कॉफी गार झाली, याबद्दल वाईट वाटले. पुन्हा गरम करून घ्यावी. मी उद्यापासून परत येत आहे.’ त्यानं ते एकदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचायची त्याला हिंमत झाली नाही. चोरी पकडली गेली असती तर एक वेळ बरं. इथं चोराला ओवाळत होते. वरती हॉस्पिटलच्या त्या मेकॅनिकनंही लिहिलं होतं, पट्टा ताणला, दार व्यवस्थित लागतंय, ‘सातवा मजला’ यांचे आभार. चार दिवस लागेल, त्याच्या मनात आलं. त्यानं लिहायला घेतलं, ‘चौथ्या पायरीत एक चूक आहे’, आणि बोटं थांबली. आधीच सांगितलं असतं तर मदत झाली असती, आता सांगितलं तर खोड जिरली नाही म्हणतील. आणि तिनं काय समजायचं? एवढं सुंदर लिहिणारा माणूस एका रात्रीत पुन्हा तसाच झाला? त्यानं ते पुसलं.

बायको मागं उभी राहून वाचत होती, हे त्याला तिच्या श्वासावरून कळलं. तिनं त्याच्या हातातून फोन घेतला, वर सरकवत सरकवत माफीपर्यंत गेली आणि वाचत राहिली. तिचा चेहरा बदलला. असा चेहरा त्यानं लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांत पाहिला होता, नंतर तो कुठं गेला हे विचारायचंही राहून गेलं होतं. ‘हे तू लिहिलंस?’ सांगायची वेळ हीच होती. एका शब्दाचं काम, नाही म्हणायचं. ‘हो,’ तो म्हणाला. ‘तुला असं लिहिता येतं?’ ‘आलं आपलं.’ तिनं फोन त्याच्या हातात ठेवला आणि ती आत गेली. थोड्या वेळानं फोन थरथरला. ‘मला एकदाही असं लिहिलं नाहीस. त्या बाईला तू बघितलंसुद्धा नाहीस. मलाही एकदा लिही. कशाबद्दल ते तुला माहीत आहे.’ खाली तीन उत्तरं मांडलेली होती, ‘नक्की’, ‘ओके’, ‘हो ना’. या वेळी त्याचं बोट त्यांच्यावर गेलं नाही. एवढं श्रेय त्याला द्यायला हवं.

त्यानं लॅपटॉप जवळ ओढला. दुपारचं मशीनचं पान उघडंच होतं. चौकटीत लिहिलेलं होतं, काय घडलं ते थोडक्यात सांगा. तो लिहीत गेला. ‘सासूबाई गेल्या तेव्हा बायकोचा मेसेज आला. मी फोननं दिलेलं तयार उत्तर दाबलं. मीटिंग नव्हती. फोरमवर कुणाची तरी लिफ्ट अडकली होती, त्याला उत्तर लिहीत होतो. उत्तर पूर्ण केलं. लोकांनी वाहवा केली ती वाचली. मग निघालो.’ लिहून झाल्यावर तो त्याकडं बघत राहिला. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा असं सलग नाही. कोरडी ठणठणीत वाक्यं, एकापुढं एक, सूचना-पुस्तिकेतल्यासारखी. कुठं ओलावा नाही, कुठं कॉफी नाही. हेच उचलून असंच्या असं तिला पाठवावं, असं त्याला आतून फार जोरात वाटलं. इतकं की त्यानं ते सगळं निवडून निळंही केलं. पण ती वाचेल आणि तिचा तो मघाचा चेहरा जाईल, तो तर आत्ता कुठं परत आलाय. त्याची छाती होईना. त्यानं ‘मीटिंग नव्हती’पासून पुढचं सगळं खोडलं आणि त्या जागी लिहिलं, मी मीटिंगमध्ये होतो. मग बटण दाबलं, मशीनकडून आलं ते उचललं आणि तिला पाठवलं.

आत तिचा फोन वाजला. पंखा फिरत होता, खालच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ती दारात उभी राहिली, डोळे सुजलेले, हातात फोन उराशी धरलेला. ‘अरे, मीटिंग सोडून तू तरी कसा उठणार होतास,’ ती म्हणाली. ‘मीच मेली इतके दिवस मनात धरून बसले. माझंच चुकलं.’ तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. तो मान खाली घालून बसला. तिला वाटलं, गहिवरलाय. ‘चल, जेवून घे,’ ती म्हणाली, तोंडानं, मोठ्यानं, कितीतरी दिवसांनी. तिनं ताटं मांडली, त्याच्या ताटात स्वतः वाढलं आणि हनुवटीवर हात ठेवून तो जेवतो कसा ते बघत बसली. ‘चांगलं झालंय का?’ तिनं विचारलं. भाजीत मीठ पडलं नव्हतं. ‘छान झालंय,’ तो म्हणाला आणि ताट चाटूनपुसून संपवलं.